ब्लॉकेज नाही, ईएफ ६०%, मग दम का लागतो? मेटाबॉलिझम हृदयाच्या स्नायूचं काय करतं त्याबद्दल

हृदय म्हटलं की बहुतेकांच्या डोक्यात पहिलं येतं ते ब्लॉकेज. अँजिओग्राफी केली, नळ्या मोकळ्या निघाल्या की घरातले सगळे हुश्श करतात आणि विषय तिथेच संपतो, त्यात इकोच्या, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीच्या, रिपोर्टवर ईएफ (भरलेल्या रक्तातलं किती टक्के हृदय एका ठोक्याला बाहेर टाकतं तो आकडा) ६०% दिसला तर मग बघायलाच नको, हार्ट एकदम ओके. आणि तरीही तोच माणूस दोन जिने चढला की धापा टाकतो, रात्री आडवं झालं की गुदमरल्यासारखं होतं म्हणून दोन उशा घेतो, संध्याकाळी मोजे काढले की पायावर खोल वळ दिसतात. नळ्याही खरंच मोकळ्या असतात आणि दमही खरंच लागत असतो. कारण हृदय म्हणजे फक्त त्याच्यावरच्या रक्तवाहिन्या नाहीत, मुळात तो एक स्नायू आहे, आणि त्या स्नायूची जाडी किती, तो लवचिक किती, त्याला ऊर्जा कशातून मिळते हे सगळं शरीराच्या मेटाबॉलिझमवर अवलंबून असतं. ब्लॉकेजबद्दल सगळीकडे भरपूर वाचायला मिळतं त्यामुळे इथे ते बाजूला ठेवतो, स्नायूबद्दल लिहितो.

आधी मेटाबॉलिक हेल्थ म्हणजे काय ते पटकन बघू. खाल्लेल्यातून आलेली साखर आणि चरबी शरीर नीट वापरतंय का आणि उरलेली योग्य जागी साठवतंय का, एवढाच प्रश्न आहे. तो मोजायला पाच साधे आकडे बघतात. ट्रायग्लिसराइड म्हणजे रक्तातली चरबी १५० किंवा जास्त, एचडीएल म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल पुरुषांमध्ये ४० च्या खाली आणि बायकांमध्ये ५० च्या खाली, बीपी १३०/८५ किंवा वर, उपाशीपोटी साखर १०० किंवा वर, आणि कंबरेचा घेर. घेराची मर्यादा सगळ्यांना एकच नाही, दक्षिण आशियाई पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर धरतात, युरोपियन पुरुषांसाठी ९४, बायकांसाठी दोन्हीकडे ८०. पाचपैकी तीन गोष्टी बिघडल्या तर त्याला मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात, आणि गोळी घेऊन बीपी किंवा साखर नॉर्मल येत असेल तरी ती बिघडलेलीच मोजायची, हे बरेच जण सोयीस्करपणे विसरतात. हे सगळे बिघाड एकाच माणसात एकत्र येतात आणि त्यांच्या मुळाशी इन्सुलिन रेझिस्टन्स, म्हणजे साखर पेशीत घ्या हा इन्सुलिनचा संदेश पेशींनी नीट न ऐकणं, आहे हे जेराल्ड रीव्हन यांनी १९८८ साली ठळकपणे मांडलं, तेव्हा त्यांनी त्याला सिंड्रोम एक्स असं नाव दिलं होतं.

यात वजनाचा आकडा नाहीये हे लक्षात आलं असेल. वजनाचा संबंध आहेच, पण चरबी किती आहे यापेक्षा ती कुठे आहे ते जास्त महत्त्वाचं. कातडीखाली साठलेली चरबी तुलनेने गरीब असते, पोटाच्या आत आतड्यांभोवती, लिव्हरमध्ये आणि हृदयाभोवती साठलेली चरबी उपद्रवी. म्हणून हातपाय काडीसारखे आणि पोट पुढे असा माणूस वजनकाट्यावर एकदम फिट दिसतो आणि रक्ताच्या रिपोर्टमध्ये मात्र सगळं उघडं पडतं.

आता हृदयाच्या खाण्याकडे वळू, मला यातला हा भाग सगळ्यात इंटरेस्टिंग वाटतो. हृदय साधारण ३०० ग्रॅमचं, दिवसाला एक लाखाच्या आसपास ठोके, सुट्टी नाही. शरीरातली ऊर्जा एटीपी नावाच्या रेणूच्या रूपात खर्च होते आणि हृदय दिवसभरात स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट, म्हणजे जवळपास सहा किलो एटीपी तयार करून वापरून टाकतं. साठा मात्र जवळपास शून्य, हातात असलेला एटीपी काही सेकंदच पुरेल इतका. म्हणजे तयार करा आणि लगेच खर्च करा, असं सतत चालू. त्यासाठी हृदयाच्या पेशीत साधारण एक तृतीयांश जागा नुसत्या मायटोकॉन्ड्रियाने भरलेली असते, ऊर्जा तयार करणारे भाग ते हेच.

इंधन म्हणून हृदयाला काहीही चालतं. आरामात असताना निम्म्याहून जास्त ऊर्जा फॅटी ॲसिडमधून येते, बाकीची ग्लुकोज, लॅक्टेट (स्नायूंनी साखर वापरताना तयार होणारा पदार्थ), कीटोन (लिव्हर चरबीपासून बनवतं ते इंधन) यांतून. पण खरी ताकद कुठलं इंधन वापरतं यात नाही, इंधन बदलता येतं यात आहे. जेवण झालं, इन्सुलिन वाढलं, की हृदय ग्लुकोजकडे झुकतं, उपाशी असलं की फॅटी ॲसिडकडे, जोरात पळालं आणि रक्तात लॅक्टेट वाढलं की तेही जाळून टाकतं. इन्सुलिन रेझिस्टन्स आला की ही निवडच जाते. एका बाजूला ग्लुकोज पेशीत शिरायला अडतं, दुसऱ्या बाजूला पोटातल्या चरबीतून फॅटी ॲसिड रक्तात सारखी सुटत राहतात कारण त्यांना थांबवायचं काम पण इन्सुलिनचंच होतं, मग हृदय नाइलाजाने जवळजवळ फक्त चरबीवर चालायला लागतं. आता चरबीतून एवढी ऊर्जा मिळते तर बिघडलं कुठे असं वाटेल, तर तेवढाच एटीपी बनवायला चरबी जाळताना ग्लुकोजपेक्षा जास्त ऑक्सिजन लागतो. म्हणजे काम तेवढंच आणि ऑक्सिजनचा खर्च जास्त. शिवाय येणारी चरबी जाळण्याच्या क्षमतेपेक्षा जास्त झाली की उरलेली पेशीतच साचते, तिच्यापासून सेरामाइडसारखे पदार्थ बनतात जे मायटोकॉन्ड्रियालाच त्रास देतात, आणि मग ऊर्जा बनवायची क्षमता आणखी घटते. एकदा हे चक्र सुरू झालं की आपोआप थांबत नाही.

इन्सुलिन रेझिस्टन्सबद्दल एक गैरसमज जवळपास सगळ्यांचा असतो, की इन्सुलिन काम करेनासं होतं. तसं नाहीये. रेझिस्टन्स सगळ्या कामांना सारखा येत नाही. साखर पेशीत घ्यायचं काम अडतं म्हणून शरीर जास्त इन्सुलिन सोडतं, आणि हे वाढलेलं इन्सुलिन त्याची बाकीची कामं मात्र जोरात करत राहतं, किडनीला मीठ धरून ठेवायला सांगतं, सिम्पथेटिक नर्व्ह्जना, म्हणजे ताणाच्या वेळी ठोके आणि बीपी वाढवणाऱ्या नसांना, चेतवतं, पेशींना वाढायचा संदेश देतं. मीठ धरलं की पाणी धरलं जातं, रक्ताचं प्रमाण वाढतं, बीपी वाढतं. साखर रिपोर्टमध्ये वाढलेली दिसायच्या आधी कित्येक वर्षं हे चालू असू शकतं, कारण जास्तीचं इन्सुलिन साखर दाबून ठेवत असतं. त्यामुळे ‘माझी शुगर नॉर्मल आहे’ एवढ्यावर हृदयाबद्दल निश्चिंत व्हावं असं मला तरी वाटत नाही.

याचा हृदयाच्या रचनेवर काय परिणाम होतो? सगळ्यात आधी डाव्या खालच्या कप्प्याची, म्हणजे लेफ्ट व्हेंट्रिकलची भिंत. शरीरभर रक्त ढकलणारा कप्पा हाच. बीपी जास्त असलं की याला प्रत्येक ठोक्याला जास्त दाबाविरुद्ध ढकलावं लागतं, भिंतीवर ताण येतो, तो ताण वाटून घ्यायला भिंत जाड होते. बराच वेळा ती आतल्या बाजूला जाड होते, म्हणजे कप्पा बाहेरून तेवढाच आणि आत जागा कमी. लठ्ठपणात रक्ताचं प्रमाणच वाढलेलं असतं त्यामुळे कप्पा ताणून मोठाही होऊ शकतो, आणि बऱ्याच जणांत दोन्ही ताण एकत्र असतात. भरपूर व्यायाम करणाऱ्या खेळाडूंचं हृदयही मोठं आणि जाड होतं म्हणा, पण त्यांचा स्नायू लवचिक राहतो आणि ट्रेनिंग थांबवलं की बऱ्यापैकी परत येतो. इथे जाडीबरोबर कडकपणा येतो आणि खरा फरक तिथेच पडतो.

हा कडकपणा तीन चार बाजूंनी येतो. एक, स्नायूपेशींच्या मधल्या जागेत कोलॅजनचे धागे वाढतात, त्याला फायब्रोसिस म्हणतात. दोन, रक्तात साखर सतत जास्त असली की ती या कोलॅजनला जाऊन चिकटते आणि धाग्यांमध्ये आडवे बंध तयार होतात, मग धागे एकमेकांवरून सरकत नाहीत. तीन, पेशीच्या आत टायटिन नावाचं प्रोटीन असतं, माणसाच्या शरीरातलं सगळ्यात मोठं प्रोटीन हेच, स्नायू ताणला गेला की ते ताणतं आणि मग मूळ लांबीवर परत येतं. त्याला सैल ठेवायला रक्तवाहिन्यांच्या अस्तरातून येणारा नायट्रिक ऑक्साइड लागतो. पोटाच्या चरबीमुळे अंगात बारीक सूज सतत धुमसत असली, म्हणजे इन्फ्लमेशन, की हे अस्तर बिघडतं, नायट्रिक ऑक्साइड कमी पडतो आणि टायटिन ताठ होतं. हृदयातल्या अगदी बारीक रक्तवाहिन्यांचंही याच वाटेने नुकसान होतं आणि त्या अँजिओग्राफीत दिसतच नाहीत, तिथे फक्त मोठ्या नळ्या दिसतात.

शिवाय हृदयावरची चरबी. हृदयाच्या पृष्ठभागावर थोडी चरबी सगळ्यांनाच असते, पण मेटाबॉलिझम बिघडलं की ती वाढते, आणि तिच्यात आणि हृदयाच्या स्नायूत कुठलाही पडदा नसतो, रक्तपुरवठाही सामाईक. म्हणजे तिथून जे काही इन्फ्लमेशनचे पदार्थ सुटतील ते थेट शेजारच्या स्नायूत मुरतात.

हे सगळं झालं की कामावर काय फरक पडतो, तर हृदयाची दोन कामं आहेत, आकसून रक्त बाहेर टाकणं आणि सैल होऊन रक्त आत घेणं. पहिल्या कामाचं कौतुक सगळे करतात, दुसऱ्याकडे कुणी बघत नाही. औषधाच्या ड्रॉपरचा रबरी फुगा डोळ्यासमोर आणा, रबर जुनं आणि कडक झालं असेल तर जोर लावून दाबता येईलही, पण सोडल्यावर ते नीट फुगत नाही, मग औषधच आत येत नाही आणि आत आलंच नाही तर पुढच्या दाबाला बाहेर काय पडणार. कडक हृदयाचं नेमकं हेच होतं.

आणि इथेच ईएफ फसवतो. ईएफ म्हणजे कप्प्यात जेवढं रक्त भरलं होतं त्यातलं किती टक्के बाहेर गेलं ते. समजा चांगल्या कप्प्यात १२० मिली भरलं आणि ७२ बाहेर गेलं, ईएफ ६०%. आता भिंत आतून जाड झालेल्या कडक कप्प्यात ९० मिलीच भरलं आणि ५४ बाहेर गेलं, ईएफ परत ६०%. रिपोर्टवर दोघांचा आकडा एकच, पण मिनिटाला ७० ठोके धरले तर एक हृदय ५ लिटर रक्त देतंय आणि दुसरं पावणेचार. बसून असताना ठोके थोडे वाढवून हे भागवता येतं. जिना चढताना नाही भागत, कारण ठोके १५० वर गेले की एका ठोक्याला मिळतात ०.४ सेकंद, त्यात सैल होऊन भरायला जो वेळ असतो तोच सगळ्यात जास्त कापला जातो. कडक हृदयाला भरायलाच जास्त वेळ लागतो आणि नेमका तोच मिळत नाही. मग आतला दाब वाढतो, तो मागे वरच्या डाव्या कप्प्यात जातो, तिथून फुप्फुसात, आणि माणसाला दम लागतो. ईएफ ५०% किंवा जास्त असताना होणाऱ्या या हार्ट फेल्युअरला डॉक्टर हेफपेफ म्हणतात, आणि हार्ट फेल्युअरच्या एकूण पेशंटपैकी जवळपास निम्मे या प्रकारातले असतात. निम्मे! तरी लोकांच्या मनात हार्ट फेल्युअर म्हणजे फक्त ईएफ २५%.

मागे दाब जाऊन जाऊन वरचा डावा कप्पा, लेफ्ट एट्रियम, ताणून मोठा होतो. ताणलेल्या भिंतीत विजेचे संदेश सरळ जात नाहीत, मग एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे ठोके एकदम बेताल. बऱ्याच जणांचा आजार पहिल्यांदा कळतो तो असा धडधड झाल्यावरच.

हे ज्ञान नवीन आहे असंही नाही. ब्लॉकेज नाही, बीपीचा फारसा इतिहास नाही आणि तरी हृदय निकामी झालेलं, असे चार मधुमेही पेशंट शर्ली रुबलर आणि सहकाऱ्यांनी १९७२ साली शवविच्छेदनाच्या आधारे नोंदवले होते. त्यानंतर दोनच वर्षांनी अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम अभ्यासातून आकडे आले, मधुमेही पुरुषांना हार्ट फेल्युअरचा धोका २.४ पट आणि मधुमेही बायकांना तब्बल ५ पट. बायकांमध्ये एवढा जास्त का याची चर्चा अजून चालू आहे, पण एक नक्की, पाळी जाईपर्यंत हृदयाच्या बाबतीत बायकांना जे संरक्षण मिळतं असं आपण धरतो ते मधुमेह बऱ्यापैकी पुसून टाकतो.

मग सरळ उपाय म्हणजे साखर खाली आणा? इतकं सोपं असतं तर बरं झालं असतं. २००८ साली ॲकॉर्ड ट्रायलमध्ये दहा हजारांहून जास्त मधुमेही लोकांपैकी एका गटाची एचबीएवनसी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, औषधांचा भडिमार करून ६ च्या खाली आणायचा प्रयत्न केला, आणि त्या गटात मृत्यू जास्त झाले म्हणून तो भाग मध्येच थांबवावा लागला. पायोग्लिटाझोनसारखी औषधं तर इन्सुलिन रेझिस्टन्सच कमी करतात, साखरही उतरते, पण ती शरीरात पाणी धरून ठेवतात त्यामुळे हार्ट फेल्युअर वाढू शकतं. म्हणजे आकडा सुधारला आणि हृदय बिघडलं. साखर कंट्रोल करायचीच नाही असा याचा अर्थ कुणी काढू नका प्लीज, किडनी आणि डोळे वाचवायला ती लागतेच, पण हृदयासाठी साखर कशी उतरवली हेही तितकंच महत्त्वाचं असतं.

याच्या उलटं उदाहरण २०१५ मध्ये मिळालं. एम्पाग्लिफ्लोझिन हे लघवीतून साखर बाहेर टाकणारं औषध मधुमेह आणि आधीच हृदयविकार असलेल्या लोकांना दिलं होतं, साखर तशी बेताचीच उतरली, पण हार्ट फेल्युअरसाठी ॲडमिट व्हायचं प्रमाण ३५% कमी झालं. पुढे मधुमेह नसलेल्या हार्ट फेल्युअरच्या पेशंटमध्येही या गटातल्या औषधांचा फायदा दिसला, २०२१ मध्ये हेफपेफवालेही त्यात आले ज्यांच्यासाठी तोवर जवळजवळ काहीच चालत नव्हतं. मीठ पाणी बाहेर जाणं, थोडी कीटोन वाढणं, किडनीवरचा ताण उतरणं अशी बरीच कारणं सांगितली जातात. २०२३ मध्ये लठ्ठपणा आणि हेफपेफ दोन्ही असलेल्यांना सेमाग्लुटाइड हे भूक कमी करणारं औषध दिलं तेव्हा वर्षभरात वजन सरासरी १३% च्या आसपास उतरलं आणि दम, चालण्याची क्षमता दोन्ही सुधारलं. ही औषधं कुणाला द्यायची कुणाला नाही हे डॉक्टरांचं काम, मेडिकलमध्ये जाऊन मागायच्या गोष्टी नाहीत.

औषधांशिवाय स्नायू परत सैल होतो का? होतो, पण वेळेत सुरुवात केली तर. २०१८ मध्ये डॅलसच्या बेंजामिन लेव्हिन यांच्या टीमने ४५ ते ६४ वयाची, बैठं काम करणारी पण बाकी धडधाकट माणसं घेतली, दोन वर्षं आठवड्यातून चार पाच दिवस व्यायाम करून घेतला, त्यात काही दिवस आरामात आणि काही दिवस अगदी घामाघूम करणारे इंटरव्हल. दोन वर्षांनी त्यांच्या डाव्या कप्प्याचा कडकपणा खरंच कमी झाला आणि ऑक्सिजन वापरायची क्षमता १८% वाढली. याच गटाने त्याआधी ६५ च्या पुढच्या लोकांवर वर्षभराचा प्रयोग केला होता, त्यात तब्येत सुधारली पण हृदयाचा कडकपणा फारसा हलला नाही. म्हणून पन्नाशीतला व्यायाम आणि सत्तरीतला व्यायाम हृदयाच्या स्नायूच्या दृष्टीने एक नाही, सत्तरीत पण करावाच, त्याचे इतर फायदे भरपूर आहेत, फक्त ‘रिटायर झालो की सुरू करतो’ हा प्लॅन हृदयाला परवडत नाही. चालणारा स्नायू इन्सुलिनची वाट न बघता रक्तातली साखर आत ओढतो, त्यामुळे वजन काटाभरही हललं नाही तरी व्यायामाचा मेटाबॉलिझमला फायदा होतोच.

वजनाचं पण बघा, ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडमध्ये एट्रियल फिब्रिलेशन असलेल्या वजनदार पेशंटचा पाच वर्षं पाठपुरावा केला, ज्यांनी १०% किंवा जास्त वजन उतरवून टिकवलं त्यांची त्या बेताल ठोक्यांपासून मोकळं राहायची शक्यता बाकीच्यांच्या सहा पट निघाली. ज्यांचं वजन सारखं वरखाली होत राहिलं त्यांना मात्र यातला बराच फायदा गमवावा लागला.

आता तुमच्याकडे इकोचा रिपोर्ट असेलच, तर ईएफच्या पलीकडे बघायला काय आहे ते सांगतो. भिंतीची जाडी, साधारण १ सेंटिमीटरच्या आसपास पुरुषांची आणि थोडी कमी बायकांची ही वरची मर्यादा, त्याच्या पुढे जाड म्हणायचं. लेफ्ट एट्रियमचा व्हॉल्यूम इंडेक्स, ३४ च्या वर गेला तर मोठा, आणि हा आकडा मला आवडतो कारण तो त्या दिवसाचं नाही तर मागच्या काही वर्षांचं दाबाचं गणित दाखवतो. मग ई (कप्प्यात रक्त शिरण्याचा वेग) आणि ई-प्राइम (सैल होताना स्नायू हलण्याचा वेग) यांचं गुणोत्तर, १४ च्या वर असेल तर आतला दाब वाढलाय असं समजतात. काही ठिकाणी स्ट्रेन, म्हणजे आकसताना स्नायू किती टक्के आखूड होतो ते, पण काढतात, उणे २० टक्क्यांच्या आसपास चांगला धरतात, आणि ईएफ नॉर्मल असताना सुद्धा तो घसरलेला दिसू शकतो, मधुमेहात तर बऱ्याचदा.

‘ग्रेड वन डायस्टॉलिक डिसफंक्शन’, म्हणजे हृदय सैल होण्यात पहिल्या पायरीची अडचण, असं वाचून मात्र लगेच घाबरू नका, साठीच्या पुढे वयामुळेच हे खूप लोकांत दिसतं आणि एकट्याने त्याला आजार म्हणत नाहीत. पण हेच वाक्य चाळिशीतल्या, पोट सुटलेल्या, बीपी काठावर असलेल्या माणसाच्या रिपोर्टवर असेल तर ते वाचून फाईल बंद करू नये. आणखी एक, दम लागतो म्हणून बीएनपी किंवा एनटी-प्रोबीएनपी ही रक्ताची टेस्ट करतात, हृदयावर ताण आला की हे पदार्थ रक्तात वाढतात, पण लठ्ठ माणसांमध्ये ती मुळातच कमी येते, हृदयावर दाब असूनही नॉर्मल दिसू शकते. वजन जास्त, दम लागतोय आणि ही टेस्ट नॉर्मल, अशा वेळी डॉक्टरांना स्ट्रेस इकोबद्दल जरूर विचारा, म्हणजे व्यायाम करताना किंवा केल्याकेल्या काढलेला इको, कारण या हृदयाची अडचण बसून असताना दिसेलच असं नाही.